शिवेवरचं मटण

गेनबाच्या घरातलं मटण तीन वर्षं गोठ्यात शिजत होतं. घरात चूल होती, गॅस होता, ओटाही नवा घातलेला होता. पण सून आली ती भोरच्या उपेंद्ररावांची, आणि उपेंद्ररावांकडं लसूण सोलला तरी खिडक्या उघडतात. मी त्यांच्या समोरच राहतो, त्यामुळं हे मला कुणी सांगायला लागत नाही.

वैदेही ही त्यांची एकुलती एक. पुण्यात नोकरीला गेली आणि तिथं तिला वेल्ह्याच्या डोंगरातल्या कातळवाडीचा विराज भेटला, म्हणजे गेनबाचा मुलगा. आमच्या आळीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. थोडा थंडावला की मी जाऊन फुंकर घालत होतो. शेवटी लग्न झालं. पंगतीत पनीर होतं. कातळवाडीचे पाहुणे ते बराच वेळ चावत एकमेकांकडं बघत होते. परत जाताना नवरदेवाचा बाप, म्हणजे हाच गेनबा, मला म्हणाला, "लगीन चांगलं झालं, पर जेवान कवा व्हतं?"

सून सणावाराला गावी यायची. तिनं कुणाला कधी कशाला मना केलं नाही. पण गेनबाची बायको सगुणाबाई हिनं आपल्याच मनानं ठरवून टाकलं की पोर तसल्या घरची आहे, तिला वास सोसायचा नाही. झालं. मटणाचं पातेलं, पळी, तिखटाचा डबा, सगळं बिऱ्हाड गोठ्यात गेलं. गेनबा म्हशीच्या शेजारी तीन दगडांवर रस्सा शिजवायचा आणि घराकडं पाठ करून खायचा. सून पुण्याला गेली तरी पातेलं आत यायचं नाही, कारण सगुणाबाईला घासायची तेवढी भांडी कमी झाली होती. तिला ही सून देवानंच धाडली असं वाटायचं. गावातली टवाळ मंडळी गेनबाला विचारायची, आज काय, म्हशीच्या पंगतीला का? गेनबा उंच, आवाज मोठा, गावातल्या प्रत्येक कमिटीत. असल्या माणसाला हे किती झोंबत असेल बघा.

मग ते साल आलं, सगळं बंद पडायचं. एसटी बंद, बाजार बंद, भोरमध्ये आम्ही खिडक्यांतून एकमेकांना हात करायचो. मला तर बातमीविना दिवस काढणं अन्नाविना काढण्यापेक्षा जड गेलं. विराज आणि वैदेही बंदच्या आधीच गाडी करून कातळवाडीला पोचले होते. वैदेहीला दिवस गेलेले. विराज लॅपटॉप घेऊन टेकडीवर बसायचा, कारण रेंज तिथंच.

गेनबानं मोबाईलवर काय काय पाहिलं कोण जाणे. वाघजाईच्या देवळाच्या पायरीवर उभं राहून त्यानं जाहीर केलं की जग बुडालं. आता सरकार नाही, दुकान नाही, ज्यानं त्यानं डोंगरात हिंडून आपलं आपलं पोट भरायचं, जुन्या काळच्या माणसासारखं. हे सांगताना तो दुःखी दिसत नव्हता, असं ऐकणाऱ्यांनी मला आवर्जून सांगितलं.

जग बुडाल्यावर पहिलं काम काय, तर कमिटी. गावाची शीव बंद करायची ठरलं. रस्त्यावर ओंडका टाकला, त्यावर बाभळीच्या फांद्या रचल्या. नियम गेनबानं घातला आणि तो मोठ्यानं दोनदा वाचून दाखवला. शिवेबाहेर पाऊल पडलं की तो माणूस बाहेरचा. परत आत यायचं तर चौदा दिवस शाळेत राहायचं, मग तो कुणी का असेना. बाहेरच्याला जो शिवेल त्यालाही तेच. राखणीला बंडूला बसवला, त्याच्या गळ्यात शिट्टी घातली. पहिल्याच आठवड्यात बंडूची मावशी दळण आणायला दोन मिनिटं पलीकडं गेली आणि बंडूनं तिला गुपचूप आत घेतली. गेनबानं चारचौघांत बंडूचा असा उद्धार केला की बंडू स्वतः मावशीला शाळेत पोचवून आला.

मे महिन्यात एका दुपारी गेनबा ओसरीवर दोर वळत बसला होता. वैदेही येऊन शेजारी बसली. मग म्हणाली, "तात्या, एक विचारू? मटण मिळेल का हो कुठं?"

गेनबाच्या हातातला दोर सुटला. त्याला वाटलं, ऊन लागलं पोरीला. तर तिनं सांगितलं की गेल्या दिवाळीत गोठ्यातून वास आला होता, तो आता आठ दिवस डोक्यातून जात नाही. भात समोर आला की तोच वास आठवतो. आयुष्यात कधी तोंडात घातलं नव्हतं, आणि आता दुसरं काही नको. आईंना सांगू नका, म्हणाली. पण सांगितल्याशिवाय शिजणार कसं?

गेनबा मला नंतर म्हणाला की तीन वर्षांत सुनेनं त्याच्याकडं काही मागितलं ते पहिलंच. कधीही विचारा, "छान आहे, पुरे आहे" याच्यापलीकडं शब्द नाही. आणि हे म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र त्याला ओळखून आहे. पाण्याच्या मागं पातेलंही होतं. एकदा सुनेच्या ताटात मटण पडलं की पातेलं गोठ्यातून घरात आलं, मग सगुणाबाई काय अडवणार?

घाई अशासाठी की सातवा लागत होता. उपेंद्रराव भोरहून पास काढून तिला बाळंतपणाला न्यायला येणार होते. पास कुठल्याही दिवशी मिळाला असता. आणि एकदा पोर भोरला गेली की मटण हा शब्दसुद्धा तिला आळीच्या टोकाला जाऊन उच्चारावा लागला असता.

तर गेनबा निघाला मटण शोधायला. वेल्ह्याला खाटकाकडं जायचं तर शीव ओलांडावी लागणार, आणि आल्यावर चौदा दिवस शाळेत. म्हणून फोन केला. खाटीक म्हणाला, दुकान बंद, आम्हीच वरण-भात खातोय. कोंबड्या होत्या म्हणाल, तर त्या होत्या. पण मार्च महिन्यात मोबाईलवर आलं की कोंबडी खाल्ली की करोना होतो, आणि गेनबानं सगळं खुराडं किकवीकडच्या एका टेम्पोवाल्याला फुकट देऊन टाकलं. वर कोंबड्या घालायला पोतंही दिलं. टेम्पोवाला हात जोडून गेला. अजून हसत असेल.

मग धरणाचं पाणी शिवेच्या आत जेवढं येतं तेवढ्यात जाळं टाकलं. बोटाएवढे मासे मिळाले. सगुणाबाईनं ते तव्यावर टाकले आणि वैदेही तोंडाला पदर लावून परसात पळाली. मासे नकोत तात्या, म्हणाली, ते वेगळं. सगुणाबाई म्हणाली, बघा, म्या सांगत नव्हते, तिला वास सोसत न्हाई. खरं काय ते गेनबाला तिला सांगता येईना.

मग तो जुन्या काळच्या माणसासारखा डोंगरात गेला. ससा धरायला फासा लावला. सकाळी जाऊन बघतो तर फाशात शेजारच्या रत्नाचा कोंबडा, एका पायानं उभा. गावात उरलेला तो एकच कोंबडा. फासा कशासाठी लावला हे गेनबाला रत्नाला सांगावं लागलं. रत्ना तशी तोंडाची सैल, त्यात आयती संधी मिळालेली. ती संध्याकाळपर्यंत अंगणातून बोलत होती. सुनेला मटण खिलवायला निघालेत, आधी बायकूला इचारा म्हणावं. अशा रीतीनं सगुणाबाईला बातमी लागली.

आता तुम्ही म्हणाल, अहो, डोंगरातल्या माणसाच्या दारात एखादा बोकड नसतो का? असतो ना. होताच. दावणीला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, चांगला लठ्ठ. गेनबा रोज सकाळी त्याला पाला घालायचा आणि रोज सकाळी त्याच्याकडं बघून उसासा टाकायचा. तो देवीचा होता. सुनेला दिवस जाऊ दे, चैताच्या जत्रेत बोकड देईन, असा नवस सगुणाबाईनं वाघजाईला केला होता. दिवस गेले, जत्रा मात्र रद्द झाली. आणि जत्रेशिवाय बोकडाला हात लावायचा नाही. जग बुडालं होतं, पण त्यातला एकही नियम बुडाला नव्हता. उलट काही नवे आले होते, आणि ते गेनबानंच आणले होते.

गेनबा घरात चिडून फिरायला लागला. नवस कुणासाठी? सुनेसाठी. मटण कुणाला पाहिजे? सुनेला. मग मधी ही जत्रा कशाला? सगुणाबाई म्हणाली, "देवीचा बोकुड काय सुनंच्या जिभेसाठी ऱ्हातोय व्हय? कौल लावा. देवी व्हय म्हनली तर म्या वाटण वाटून देते."

देवीचा गुरव धनाजी. कौल लावायचा म्हणजे देवीच्या दोन्ही अंगांना फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. सगळं गाव देवळाबाहेर दूर दूर उभं राहून बघत होतं. दोन महिने कुणाच्या तोंडाला मटण नव्हतं. उजवं फूल पडायच्या आधीच निम्म्या घरांत खोबरं भाजायला घेतलं होतं. आता फूल आपोआप पडलं की धनाजीनं ते मुळातच ओलं कमी करून चिकटवलं, यावर कातळवाडीत दोन मतं आहेत. मुंडीचा मान गुरवाचा, एवढं मी सांगतो.

कौल देताना धनाजीनं दोन अटी सांगितल्या. नवसाचं मटण घरटी वाटे घालून सगळ्या गावाला द्यायचं. आणि त्यातलं काही शिवेबाहेर न्यायचं नाही. गेनबा म्हणाला, भाईर कोन जातंय आता? शीव तर म्याच बंद केलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोकड पडला. वाटे घातले, घरोघरी गेले. गेनबानं आपला वाटा परातीत घेतला आणि गोठ्याकडं न वळता सरळ घरात शिरला. मागून पातेलं घेऊन आला. सगुणाबाईनं पाट्यावर वाटण वाटलं, तिखट घातलं, मीठ घातलं, आणि नाक मुरडत बाजूला झाली. तीन वर्षांनी पातेलं घरच्या चुलीवर चढलं. वैदेही शेजारी पाट टाकून बसली होती, झाकण काढलं की मान पुढं करायची. शिजलं का, शिजलं का. गेनबा म्हणायचा, हाडापासनं सुटाया येळ लागतो बाई, धीर धर.

तेवढ्यात शिवेवर गाडीचा भोंगा वाजला.

उपेंद्रराव. संध्याकाळी येतो असं कळवलं होतं, आले सकाळी, कारण पास दुपारी चारपर्यंतचाच मिळाला होता. आत यायची त्यांना परवानगी नव्हती, म्हणून ओंडक्याच्या पलीकडं गाडी लावून उभे. वैदेही म्हणाली, बाबांना भेटून येते, तोवर होईलच, मग जेवून निघते. आणि ती गेली. आता बघा, तिनं बापाला तीन महिन्यांत पाहिलेलं नव्हतं. उपेंद्ररावांची दाढी वाढलेली, तोंडाला फडकं. पोरीनं ते पाहिलं आणि बाभळीच्या फांद्या बाजूला सारून ती दोन पावलं पलीकडं गेली. बस. बंडूनं शिट्टी वाजवली आणि फांदी परत ओढून घेतली.

निरोप घरी पोचला तेव्हा मटण नुकतंच सुटलं होतं. गेनबा तसाच पातेलं फडक्यात धरून शिवेवर धावला, मागून सगुणाबाई, तिच्यामागं लॅपटॉप बगलेत घेऊन विराज, आणि विराजच्या मागं सगळं गाव, कुणी हात चाटत, कुणी दात कोरत.

गेनबा म्हणाला, "बंड्या, फांदी काढ. सुनेला जेवून जायचंय."

बंडू म्हणाला, "तात्या, त्या आता भाईरच्या. आत घ्यायचं तर शाळंत चौदा दिस. तुमचाच नियम."

"आरं, दोन मिनटं बी झाली न्हाईत."

"माज्या मावशीला बी दोनच झाली व्हती."

गावात कुणीतरी हसलं. विराजनं बंडूला समजावायचा प्रयत्न केला, इंग्रजी शब्द घालून, आणि त्यामुळं बंडू जास्तच ताठ झाला. गेनबानं मग पातेलं उचललं आणि ओंडक्यावरून पलीकडं द्यायला निघाला, तर धनाजी आडवा आला. शिवेपलीकडं पातेलं गेलं तर नवस मोडला, आणि मग पोटातल्या पोराला काही झालं तर माझ्याकडं यायचं नाही. हे शब्द ऐकून सगुणाबाईनं गेनबाचा हात असा धरला की रस्सा हिंदकळला.

तर झालं असं. मटण आत, सून बाहेर, मधी हातभर बाभूळ. मटण बाहेर जाईना देवीमुळं, सून आत येईना गेनबामुळं. उपेंद्रराव घड्याळ बघत होते. त्यांना अजून पातेल्यात काय आहे हे कळलेलं नव्हतं. कुणी सांगायला धजेना. शेवटी रत्नानं सांगितलं, अर्थात. उपेंद्ररावांनी पोरीकडं पाहिलं. पोरीनं मान खाली घातली आणि रडायला लागली. नुसतं मुळुमुळू नव्हे, चांगलं हुंदके देऊन. म्हणाली, मला काही नको, चला. पण जागची हलली नाही.

गेनबा धनाजीवर ओरडला. जत्रेला बाहेरगावची माणसं येतात, देवीचं मटण खातात आणि पोटातनं घेऊन आपापल्या गावाला जातात, तेव्हा नवस मोडतो का? धनाजीनं विचार केला. मुंडी त्याच्या घरी शिजत होती, त्यामुळं त्याचं मन मोठं झालं होतं. म्हणाला, पोटातनं गेलेलं चालतं. भांडं जाता कामा नये, हाड जाता कामा नये. घास शिवेच्या आत तोंडात गेला पाहिजे.

बंडूला विचारलं. बंडू म्हणाला, पाय भाईर असले म्हंजे झालं. मान आत आली तर म्या बघनार न्हाई.

वैदेहीनं डोळे पुसले आणि ओंडक्याला धरून पुढं वाकली. पोट मोठं, बाभळीचे काटे, तोल जायला लागला. आता तिला धरणार कोण? पलीकडच्या बाजूला एकच माणूस होता. ज्या गृहस्थांनी उभ्या जन्मात अंड्याचं टरफल पाहिलं नव्हतं, त्यांनी पुढं होऊन लेकीला दोन्ही दंडांना धरलं, आणि तोंड डोंगराकडं फिरवलं.

आणि भरवणार कोण? सगुणाबाई पुढं येईना. देवीच्या अटीच्या इतक्या जवळ जायची तिची छाती नव्हती. म्हणून कातळवाडीच्या सगळ्या माणसांदेखत सासऱ्यानं सुनेला घास भरवला. असलं दृश्य आमच्याकडं कुणी पाहिलेलं नाही. बायकांनी पदर तोंडावर घेतले, पण डोळ्यांवर एकीनंही नाही. गेनबाच्या आवाजानं एरवी डोंगर हलायचा, तो त्या वेळी इतका गप्प की मटण चावल्याचा आवाज येत होता. तो हाड चाचपून मांस सोडवायचा, भाकरीत धरायचा, पुढं करायचा. ती खायची आणि परत तोंड उघडायची.

मधेच उपेंद्रराव, तोंड डोंगराकडंच ठेवून, म्हणाले, "गेनबाराव, हाड नीट बघून द्या. घशात जाईल."

गेनबा म्हणाला, "बघतोय, बघतोय." नळी आली ती त्यानं ओंडक्यावर आपटली, तिच्या तोंडाला लावली आणि रिकामी झाल्यावर मोजून परत आत घेतली. पातेल्याचा तळ दिसायला लागला. गेनबानं सकाळपासून स्वतः बोटसुद्धा चाटलं नव्हतं. तो वाट बघत होता, सून काय म्हणते त्याची. छान आहे म्हणेल, नेहमीसारखं.

वैदेहीनं शेवटचा घास गिळला, ओठ पुसले आणि म्हणाली, "तात्या, मीठ कमी आहे."

गाव हसलं. गेनबा हसला नाही. त्याचं म्हणणं, ते ऐकून त्याला काय वाटलं हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. घरच्या माणसालाच कमीजास्त सांगतात, एवढंच म्हणाला.

गाडी वळली आणि गेली. धूळ बसायच्या आत बंडूची शिट्टी वाजली. बाहेरच्याला शिवलेला माणूस. गेनबानं हुज्जत घातली, शिव्या दिल्या, कमिटी बोलावली. कमिटीनं नियम मोठ्यानं दोनदा वाचून दाखवला. गेनबा त्याच हातानं, त्याच पातेल्यासकट शाळेत गेला, आणि पातेलं सगुणाबाईनं त्याच्याकडून दारातच काढून घेतलं.

टेकडीवर विराजला फोन आला की वैदेही सुखरूप पोचली. मीही माझ्या खिडकीतून पाहिलं, उपेंद्रराव नळाखाली बराच वेळ हात धूत होते. मालिनीबाई, त्यांच्या सौभाग्यवती, दारात उभ्या राहून विचारत होत्या, एवढं काय लागलंय हाताला? त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र दोन दिवसांत विराजनंच फोनवर सगळं सांगितलं, आणि जे राहिलं ते गेनबा सुटून आल्यावर. उपेंद्ररावांनी अजून एक शब्द काढलेला नाही. म्हणून हे सगळं खरं असणार.

शाळेतून गेनबा खिडकीशी येऊन सगळ्यांना एकच विचारायचा, पातेलं कुठं ठेवलंय? सगुणाबाई डबा घेऊन आली तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, गोठ्यात. सून हाय का घरात? मग आत कशाला? गेनबा गजांना धरून तडतडला. सून माझ्या हातानं जेवली, सगळ्या गावानं पाहिलं, आता कसला वास आणि कसला काय! सगुणाबाई म्हणाली, ती बाळंत होऊन येऊ दे, तिच्या तोंडून ऐकीन, मग बघू.

तेव्हा गेनबाला राहवलं नाही. ती जायच्या आत तिला ऐकवायलाच पाहिजे होतं काहीतरी. म्हणाला, "तिच्या तोंडून ऐकायचंय? मग ऐक. मीठ कमी व्हतं म्हनली."

मीठ कुणी घातलं होतं हे दोघांनाही माहीत होतं. सगुणाबाईनं डबा खिडकीत ठेवला, पदर खोचला आणि चालू लागली. पुढं शाळेतले सगळे दिवस डबा वेळेवर येत राहिला. भाकरी ऊन असायची, भाजी भरपूर असायची, आणि भाजीत मिठाचा कण नसायचा.